आपली घंटा, त्यांचं मैदान

३ जून
झालं एकदाचं! आपला फुटबॉल क्लब आणि पलीकडच्या पिवळ्यांचा क्लब आता एक. नाव नवं, रंग नवा, मैदान मात्र त्यांचं. आपल्या मैदानावर म्हणे गोदाम उठणार. सेक्रेटरी म्हणतात, "दोन्ही टीम गाळात होत्या ताई, एकत्र आलो तर तरू." तरा!

आणि घंटा? दर मॅचच्या आधी मी वाजवते ती. आधी बाबा वाजवायचे, त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून मी. एकोणीस वर्षं! तापानं फणफणत असतानासुद्धा गेले आहे. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "घंटापण जाईल ना तिकडे."

माझं कुणी बोललंच नाही.

११ जून
नव्या क्लबच्या पहिल्या मॅचला घंटा औषधवाली वाजवणार. कमिटीत ठरलंसुद्धा! औषधांच्या दुकानातली ती, पिवळ्यांची पुढारीण. आयत्या बिळावर नागोबा!

हे जेवताना म्हणाले, "बाई चांगली आहे गं. आवाज काय खणखणीत!" एरवी मी हाका मारून घसा कोरडा केला तरी यांना ऐकू येत नाही. भाजी परत वाढली नाही मी.

१२ जून
उंचही आहे मेली.

१५ जून
आज स्वतः माझ्या शिवणाच्या दुकानात आली. नव्या जर्सींचा गठ्ठा घेऊन — आकडे शिवायला. माझ्याच मशीनपाशी उभी राहून विचारते, "ताई, दोरी किती ओढायची हो?" म्हटलं, "तुटेपर्यंत ओढा." तर हसली! वर म्हणते, "रविवारी नक्की या हं. अगदी पुढे उभ्या राहा."

म्हणजे मी पुढे उभी राहून हिचा थाट बघायचा! इतकी जळले, इतकी जळले, की गोलकीपरच्या जर्सीवर आकडा उलटा शिवला. संध्याकाळ उसवण्यात गेली.

१९ जून
सेक्रेटरींचा फोन. "घंटा घासूनपुसून द्याल का? तुमच्यासारखी कुणाला जमत नाही." घासायला मी, मिरवायला ती!

गेले तरीही. चिंच लावून लख्ख केली. आसपास कुणी नव्हतं. आतला लोलक एका हुकाला अडकवलेला असतो, जरा तिरका केला की निघतो. हे फक्त बाबांना नि मला माहीत. काढला. आता वाजव म्हणावं! पातेल्याइतकाही आवाज यायचा नाही.

बाबा असते तर कानफटात दिली असती. पण ते नाहीत, आणि त्यांच्या घंटेची दोरी मी त्या बाईच्या हातात बघणार नाही.

मशीनच्या खणात ठेवला तर ह्यांच्या हाती लागेल. पर्समध्येच बरा.

२० जून
पुढेच उभी राहिले. तिची फजिती जवळून बघायची होती ना! तिनं माईक घेतला. "ही घंटा ताईंची आहे. कमिटीकडून मी मान मागून घेतला तो त्यांना बोलवायला." टाळ्या! पिवळ्यांच्यासुद्धा. हात धरून मला वर घंटेपाशी नेलं, दोरी माझ्या हातात दिली. सगळं मैदान गप्प, माझ्याकडे बघत.

पर्स खांद्यालाच होती.