पिसाचा पीळ

सर, मैदानावरच्या शेडच्या भिंतीवरची तुमची तिसरी ओळ मी पुसायला लावते आहे. विचारत नाही, सांगते आहे. खाणीच्या ट्रकांची लाल धूळ बसून बसून ती भिंत पार विटकरी झाली होती, म्हणून शाळेने चुना मारायला माणूस लावला. तुम्ही स्वतःच्या हाताने निळ्या ऑइलपेंटने लिहिलेल्या चार नियमांचा त्याने आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. आता चुना वाळलाय आणि तो ब्रश घेऊन विचारतो आहे, "बाई, तसंच लिहू ना?" तुमचा मोठा मुलगा, जो आता तुमचं सायकलचं दुकान चालवतो, मुद्दाम येऊन सांगून गेला, "अब्बाचं लिहिलेलं हाये, बाई. एक अक्षर हलवू नका." बाकीच्या तीन नियमांना माझी हरकत नाही. तीर माणसाकडे रोखू नये, धनुष्य उन्हात ठेवू नये, सगळ्यांचे तीर संपल्याशिवाय टार्गेटकडे जाऊ नये. अगदी बरोबर. पण 'पिसाला पीळ देऊ नये' ही तुमची ओळ मी इथली तिरंदाजीची मुख्य बाई असेपर्यंत या भिंतीवर पुन्हा येणार नाही.

आणि पीळ माझ्या डोक्यात भरवला तुम्हीच. आठवतं ना तुमचं स्वयंपाकघर? दुकान बंद केलं की तुम्ही टर्कीच्या पिसांची पिशवी चाचींच्या ओट्याजवळ ओतायचात. चाची कुरकुर करत कोमट पाण्यात साबण घालून द्यायच्या, आणि आम्ही वसतिगृहातल्या पोरी पिसं धुऊन चुलीच्या उबेला पसरून ठेवायचो. मी नवीन होते. धानाच्या बांधीत चिखल तुडवलेले पाय, पिसं चिकटवायची म्हणजे काय ते ठाऊक नाही. हाताला आली ती तीन पिसं घेतली आणि तीराच्या बांबूच्या काडीला मागच्या टोकाशी लावून टाकली. सकाळी मैदानावर तो तीर सुटला आणि वाट चुकलेल्या कोंबडीसारखा फडफडत गवतात जाऊन पडला. तुम्ही तो उचलून आणलात, डोळ्यांजवळ धरलात आणि सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढलीत. "अवं, दोन डाव्या पंखाची अन् एक उजव्या पंखाचं! ते हवेत जाऊन भांडन नाई करतीन तं काय करतीन?" सगळ्या हसल्या. मग तुम्ही माझ्या तळहातावर एक डावं आणि एक उजवं पीस ठेवलंत. दोन्ही आपापल्या बाजूला वळलेली. पिसाची वळायची एक बाजू असते, ती ओळखून एका तीराला एकाच बाजूची पिसं द्यायची, हे मी त्या दिवशी शिकले. त्याच दिवशी मनात आलं, की पिसाला मुळातच वळायचं असेल तर आपण त्याला काडीवर अगदी सरळ रेषेत का बसवतो?

आपला खेळ बांबूच्या धनुष्याचा. नेम धरायला कसलं यंत्र नाही आणि बांबूचे दोन तीर कधी एकसारखे नसतात. माझं धनुष्य हलकं होतं, सोडताना बोटं थरथरायची, त्यामुळे तीराची शेपटी अर्ध्या वाटेपर्यंत डोलत जायची. मी गुपचूप एका तीराची पिसं जरा तिरपी लावली, पुढचं टोक रेषेत आणि मागचं केसभर बाजूला; यालाच तुम्ही पीळ म्हणायचात. तो तीर गरगर फिरत गेला आणि त्याचं डोलणं थांबलं. तीस मीटरवर तर जिथे पाहिजे तिथे. मी नाचतच तुमच्याकडे आले आणि तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पीळ काऊन देऊन राह्यली तू? पीळ स्पीड खाते. पन्नासवर तुझा तीर टार्गेटच्या पायाशी पडन." तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. पन्नास मीटरवर माझे तीर खालीच पडायचे. पण सर, ते दर वेळी एकाच जागी खाली पडायचे! तुमच्या सरळ पिसांचे माझ्या हातून सुटलेले तीर चार दिशांना जायचे. जो दर वेळी सारखाच खाली पडतो, त्याच्यासाठी नेम वर धरता येतो. जो कुठेही जातो, त्याच्यासाठी कुठे धरायचा? हे मी तेव्हाही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मले शिकवू नको."

चंद्रपूरच्या निवड चाचणीच्या आठवड्यात तुम्ही माझे सगळे तीर मागवून घेतलेत आणि ब्लेडने एकेक पीस खरवडून काढलंत. मी समोर उभी होते, रडले नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळी पिसं पुन्हा लावली, पुन्हा तिरपी, आणि या वेळी वर दोराही घट्ट गुंडाळला. चाचणीच्या मैदानावर तुम्ही भात्यातून एक तीर ओढून बघितलात.

"कोनाले विचारून केलं?"

"कोनालेच नाई, सर."

"चुकली तं टीममधून जाशीन. मी मधात पडनार नाई."

"जाईन."

तीसवर सगळं सुरळीत झालं. मग टार्गेट पन्नासवर नेलं. माझा पहिला तीर खाली गेला, दुसरा त्याच्या शेजारी, तोही खाली. मागे तुमचं खाकरणं ऐकू आलं. मैदानापलीकडे, टार्गेटच्या वर डोकावणारी पाण्याची टाकी होती. मी टार्गेट सोडून टाकीच्या कठड्यावर नेम धरला. बघणाऱ्यांना वाटलं, पोरगी बिथरली. तिथून पुढचे तीर टार्गेटच्या पोटात जाऊन बसले आणि मी निवडले गेले. पुढच्या सोमवारी तुम्ही माझ्यासमोर पिसांचा पुडा ठेवलात, तुम्ही स्वतः निवडलेली, सगळी डाव्या पंखाची. "घे. लाव तुले पायजे तशी." मला केवढा आनंद झाला होता!

पण भिंतीवरची ओळ तशीच राहिली, आणि माझं भांडण तिथे आहे. पुढच्याच वर्षी जिवतीकडची ती किडकिडीत मुलगी आली. तिचं धनुष्य माझ्याहून हलकं, तिच्या तीरांची शेपटी माझ्या तीरांहून जास्त डोलायची. मी तिला म्हटलं, पीळ देऊन बघ. ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "सरनं नाई म्हटलं हाये ना, ताई." मी तुमच्याकडे आले. तुम्ही सायकलचं चाक फिरवून आरे कसत होता. मी म्हटलं, तिलाही सांगा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुही गोष्ट वेगळी हाये."

"काऊन वेगळी?"

"तू आयकत नाईस म्हून."

म्हणजे ऐकत नाही तिला सूट, आणि ऐकते तिला नियम! ती चाचणीत सगळ्यात शेवटी आली, टार्गेटभोवतालच्या गवतातून आपले तीर शोधत राहिली आणि सामान घेऊन घरी गेली. ती पुन्हा मैदानावर आली नाही. तुमचं ऐकणारी पोरगी हरली, सर, आणि न ऐकणारी आज तुमच्या जागी उभी आहे. याचा मला अजून राग आहे. तुमच्या मयतीला आख्खं गाव दुकानासमोर उभं होतं, तेव्हाही हा राग माझ्या मनात होता, आणि मी ओक्साबोक्शी रडत होते तरी तो गेला नाही.

माझ्याकडे आता हलक्या धनुष्याच्या बऱ्याच पोरी आहेत. दणकट हाताच्याही दोघी आहेत. त्या दोघी छोटी सरळ पिसं लावतात, त्यांचे तीर पन्नासवर सणसणत जातात, आणि तिथे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं ठरतं. तेही मी त्यांना तुमचं नाव घेऊनच सांगते. म्हणून तिसऱ्या ओळीच्या जागी माझी ओळ येईल: 'पिसं सरळ लावून बघावी, तिरपी लावून बघावी.' तुमच्या मुलाला मी तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा असते तं तुम्हाले मैदानातून हाकललं असतं." मी म्हटलं, हाकलून बघितलं होतं त्यांनी. तो हसला. पेंटरने निळ्या रंगाचा डबा उघडला आहे.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. त्या चाचणीतला माझा शेवटचा तीर कसा फिरत गेला आणि कसा मधोमध बसला, हे मी दर वर्षी नव्या पोरींना रंगवून सांगते. तो मी बघितलेलाच नाही, सर. दोरी सुटली आणि मी लगेच मागे वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून तीराकडे बघत होता. तो लागला, हे मला तुमच्या तोंडावरून कळलं.