जमुनामावशीच्या नावावरची साखर

९ मार्च

फोनात आजपासून चोर बसलाय. संगीताताईने बसवला – उपकेंद्रातली नर्स. जमुनामावशीला शुगर निघाली, तिचा फोन बटणांचा, म्हणून ॲप माझ्या फोनात. वेवजीच्या कंपनीतलं काम सोडून धाकट्या डहाणूला मावशीकडे चार दिवस आलो होतो – अडकलो!

रोज सकाळी उपाशीपोटी मावशीचं बोट टोचायचं, थेंब मशीनच्या पट्टीवर, आकडा आपोआप ॲपात. पलीकडे कुठलासा डॉक्टर बघणार. पण ॲपला माझ्या ओळखीच्यांचे नंबर हवेत, मी कुठे जातो तेही. साखर मोजायला हे कशाला? संगीताताई म्हणाली, "हो म्हण नि पुढे जा." फसवणारे असंच म्हणतात.

१० मार्च

१४८.

१३ मार्च

मावशीचा संप. दिवसभर माशांना मीठ चोळते, टोचलेल्या बोटात मीठ गेलं की जीव जातो म्हणे. माझाच हात ओढला. "तुझं टोच. बहिणीचा पोर तू, रक्त एकच." बाहेर माझा दोस्त मुकेश गाडीवर हॉर्न मारत होता. टोचलं.

२३६!

माझी? बावीस वर्षांचा, काडीसारखा मी! शुगर म्हाताऱ्यांना होते. मशीन खोटं आहे. आता रोज माझंच बोट – बघू किती खोटं बोलतं.

१७ मार्च

मुकेशबरोबर सायवनला जाऊन लगेच यायचं होतं. वाटेत बायका मोहाची फुलं वेचत होत्या, बघतच राहिलो. मग पाड्यापाड्यांतून पायी. माझी पाण्याची बाटली संपली, मुकेशचीही संपवली. "पोटात विहीर खणलीस काय रे?" ऊन आहे बाबा.

संध्याकाळी ॲप म्हणतं – शाब्बास जमुनाताई, आज १४,२०० पावलं! मावशी ओट्यावरून हललीसुद्धा नव्हती. म्हणजे हा माझ्या मागे मागे चालतो. सगळीकडे.

२० मार्च

२९१. पायांच्या जखमांच्या मलमाची जाहिरात पण आली. कळलं ना, कशासाठी चालतंय हे?

२२ मार्च

डॉक्टरचा फोन. आकडे चढतायत, मावशीची गोळी दुप्पट करा. रक्त कुणाचं ते सांगणार होतो, पण घाईत होता, ठेवला. मग वाटलं बरंच झालं, सगळे एकमेकांना सामील असतील.

मावशीला म्हटलं घेऊ नको, आकडे खोटे आहेत. तिने पाण्याबरोबर गिळली. "डॉक्टर शिकलेला. तू नववी नापास."

२५ मार्च

मावशी बाजारात टोपलीवरच कोसळली. घामाने चिंब, हात थरथरतायत, मला ओळखेना. शेजारच्या रूपीने चहावाल्याकडची साखर मूठभर तिच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळाने डोळे नीट झाले. पहिलं बोलली ते – "सुकट झाका, कावळे."

मी रस्त्यातच उभा राहून संगीताताईला फोनवर सुनावलं. तुमचं ॲप माणसं मारतं.

ती म्हणाली, आज ती गोळी देऊ नको, मी सकाळी येते.

२६ मार्च

आली. आधी मावशीचं बोट टोचलं – ९६. मग फोन बघून विचारलं, हे २९१ कुणाचे?

मी छाती फुगवून सांगितलं सगळं. माझं रक्त घालून पकडलं तुमचं ॲप!

ओरडेल वाटलं. ओरडली नाही. मावशीला म्हणाली, जुनीच गोळी, तीही डॉक्टरशी बोलून मग. मावशी खाली बघत पुटपुटली, "मला वाटलं, घरातलं रक्त, सारखंच असेल."

संगीताताई माझ्याकडेच बघत होती. सैल झालेल्या पँटला बांधलेल्या सुतळीकडे.

"ही कधीपासून बांधतोस?"

महिना झाला असेल.

"रात्री किती वेळा उठतोस?"

चार. पाच. गरम होतं ना.

उद्या सकाळी काही खाऊ नको म्हणाली.

२७ मार्च

संगीताताईने दुसरं मशीन आणलं. ॲपशी न जोडलेलं, जुनं, कोपरा फुटलेला. माझं बोट – ३१२.

दुपारच्या गाडीने संगीताताई मला मोठ्या दवाखान्यात नेतेय. मावशीने मिठाचा हात लुगड्याला पुसला, पुढे केला. "आधी माझं टोच. मग ह्याचं. ह्याच्या नावावर."

ॲपने विचारलं, नवीन नाव जोडायचं?

हो म्हटलं.