जोडव्यांचं माप

कारवीवाडी, ता. आंबेगाव
१० नोव्हेंबर २०२४

सौ. प्रतिभास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

म्हशीची धार काढून झाली होती. चुलीवर चहाचं आधण होतं, मी ओटा सारवत होते आणि हे पायरीवर बसून विळ्याला धार लावत होते. मी प्रेशरच्या गोळीची आठवण करून दिली. हे म्हणाले, "मला काय झालंय? चक्कर न्हाई, डोकं दुखत न्हाई. लई बरा हाय मी." गोळी फळीवर तशीच राहिली, आदल्या दिवसासारखी. मग आम्ही चहा घेतला आणि भात कापायला गेलो. एवढीच ती सकाळ. दुपारी बांधावर यांचं तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, ते तुला माहीतच आहे. पण मला दुपार आठवत नाही, सकाळ आठवते. दोन वर्षं झाली. भात पिवळं पडलं की रोज आठवते, आणि आज तुला लिहायला बसले तरी आधी तीच आली.

दिवाळीला तुम्ही दोघं येऊन गेलात, घर भरल्यासारखं झालं. तुझ्या करंज्या संपल्या, शेव अजून आहे. आता मनातलं लिहिते. माझ्या पायरीवर गोकुळरावांनी खिशातून तुझी प्रेशरची गोळी काढली, तुझ्या तळहातावर ठेवली आणि तू गिळेपर्यंत तांब्या धरून उभे राहिले. तेव्हा मला जळायला झालं. मी उठून आत गेले ती चहा ठेवायला नव्हे. तू शाळेत गेलीस तेव्हा मी गुरांमागे होते, तुझ्याच फाटक्या पुस्तकांवर मी अक्षरं शिकले, त्याचंही मला एवढं कधी वाटलं नव्हतं. आता तर पत्राच्या सुरुवातीला तुझ्या नावामागे 'सौ.' लिहायचं तेही माझ्याच हाताने. तू मात्र माझ्या नावामागे 'गं. भा.' कधी लिहीत नाहीस, हे मी पाहिलं आहे.

जळत असले तरी डोळे शाबूत आहेत. तुझ्या चपलेचा पट्टा लागत नव्हता. गाडीत बसून पाय सुजले म्हणालीस. पिंपळवंडीहून इथवर येईपर्यंत एवढे सुजतात होय? गोकुळराव कांद्याच्या गोण्यांवर बसवून आणतात की काय तुला? डॉक्टरला पाय दाखव आणि मला कळव. टॉवर उभा राहिला तरी रेंज देवळामागच्या टेकाडावरच येते आणि माझे गुडघे तिथवर येत नाहीत, म्हणून पत्रच लिही.

जिवाला जप.
तुझी,
अंबाताई


पिंपळवंडी, ता. जुन्नर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. करंज्या संपल्या आणि शेव राहिली म्हणजे शेव बिघडली होती, हे मी समजले. पुढच्या वेळी ओवा कमी घालीन.

तू चपलेचा पट्टासुद्धा पाहिलास, मग तुझ्यापासून काय लपवायचं? पाय गोळीनेच सुजतात असं मला वाटतं, कारण ही गोळी सुरू झाल्यापासूनच ते व्हायला लागलं. सकाळी बरे असतात, संध्याकाळी घोट्यापाशी बोट दाबलं की खड्डा राहतो. शेजारीण म्हणाली, किडनी गेली. ते ऐकून मी आणखी घाबरले आणि कुणालाच विचारलं नाही. पण सुजेचं एक वेळ सोसलं असतं. सोसवत नाहीत ती जोडवी. मुलाच्या लग्नात यांनी हौसेने तीन वेढ्यांची, बंद तोंडाची घडवली, ती बोटात रुतून कातडं फाटलं. मी एकटीच नारायणगावला सोनाराकडे गेले. तो म्हणाला, निघायची नाहीत, कापावी लागतील, मालकांना विचारून या. मी तशीच परत आले.

ताई, दाजी गेले तेव्हा तुझ्या पायातली जोडवी उतरवली, त्या वेळी तुझा पाय माझ्याच मांडीवर होता. ती ताटलीत पडली त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. नवरा धडधाकट असताना माझी कापून काढायची? माझी छाती होत नाही.

म्हणून मी गोळी सोडली. तुझ्या पायरीवर घेतली ती शेवटची. हे रोज सकाळी हातावर ठेवतात, मी ती गालात धरते, पाणी पिते आणि हे फाटकाबाहेर गेले की जास्वंदीच्या कुंडीत टाकते. सूज थोडी उतरली आहे, जोडवं आता जरासं फिरतं. मला काही त्रास नाही, अगदी बरं वाटतं. यांना सांगू नकोस.

तू जळतेस म्हणतेस. खरं सांगू, मीही जळते. गोळी तूही घेतेस, पण तुझे पाय काडीसारखे. तुला तुझी गोळी मानवली. तुझ्याकडे जास्तीच्या असतील तर एक पाकीट पाठव, मी तीच घेत जाईन.

लहानपणी माझं सगळं पोटात घालायचीस, तसं हेही घाल.
तुझी,
प्रतिभा


कारवीवाडी
२३ नोव्हेंबर २०२४

सौ. प्रतिभास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं.

तू लिहितेस, त्रास नाही, अगदी बरं वाटतं. प्रतिभा, मागच्या पत्रात यांचे शब्द मी लिहिले होते ते पुन्हा वाच. त्या सकाळी यांनाही अगदी बरं वाटत होतं. प्रेशर वर गेलं की कुणी दार वाजवून सांगत नाही.

तुला राग येईल असं बोलण्याआधी मी विचारून यायचं ठरवलं. बसने आरोग्य केंद्रात गेले. तुझ्या गोळीचं नाव मला माहीत होतं, दिवाळीत पाकीट माझ्याच फळीवर राहिलं होतं. त्यातला कागद इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत, तो मी डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या की या गोळीने रक्ताच्या नळ्या सैल होतात, म्हणून प्रेशर उतरतं आणि म्हणूनच पाणी घोट्याशी झिरपतं. पुष्कळ बायकांना होतं. एवढ्यावरून किडनी गेली असं होत नाही, पण तपासून घ्यायचं. डॉक्टर गोळी कमी करतात, नाहीतर बदलतात किंवा जोडीला दुसरी देतात. मनाने बंद करायची नाही. सुजेबरोबर धाप लागली किंवा तोंड-ओठ सुजले तर मात्र त्याच पावली दवाखाना गाठायचा.

माझी गोळी मागतेस? मला आधी जी दिली होती तिने कोरडा खोकला लागला होता. सारी वाडी म्हणायची, चुलीचा धूर. मी तर चुलीचं तोंडही फिरवून घेतलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि खोकला थांबला. चूल अजून उलट्या तोंडाची आहे. मला चालते ती तुला चालेलच असं नाही, म्हणून एकही पाठवणार नाही.

आता जोडव्यांचं. माझी जोडवी तुझ्याहून जाड होती. पाहिली आहेस तू. बोटात घट्ट होती, एकही दिवस उतरवली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. त्यांनी तुझ्या दाजींना धरून ठेवलं का? पेटीत आहेत ती, सणावाराला पुसते. बोटावरचा पांढरा पट्टा अजून गेलेला नाही.

तुझ्या हातावर सकाळी कुणी गोळी ठेवतं आणि तू ती जास्वंदीला घालतेस. हे वाचून माझं काय झालं ते लिहीत नाही. लिहिलं तर तू हे पत्र फाडशील. माझी गोळी मी डब्यातून स्वतः काढते आणि घेतली की नाही ते कुणी विचारत नाही.

पुढच्या रविवारच्या आत गोकुळरावांना तू सांग. सांगितल्याचं पत्र आलं नाही, तर मी टेकाडावर चढून त्यांना फोन करीन. गुडघे गेले तरी चालतील.

रागाने लिहिलं आहे, पण तुझ्यासाठीच आहे.
अंबाताई


पिंपळवंडी
१ डिसेंबर २०२४

ती. ताईंना,
गोकुळचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही. बाजारात पावतीवर सही करतो तेवढंच. चूक झाली तर सांभाळून घ्या.

प्रतिभाने तुमचं पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः गोठ्यात जाऊन उभी राहिली. मी वाचलं. आधी जास्वंदीकडे बघितलं, मग तिच्याकडे गेलो. रागावणार होतो, पण तिचे पाय दिसले. इतके दिवस गोळी हातावर ठेवत होतो, खाली पायाकडे एकदाही बघितलं नाही. कांद्याची मात्र गोणी फोडून तळापर्यंत बघतो.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर एकशे ऐंशीच्या वर निघालं. ती म्हणत होती की बरं वाटतंय. डॉक्टर रागावले नाहीत. रक्त-लघवी तपासली, किडनी ठीक आहे. गोळी निम्म्या ताकदीची केली, जोडीला दुसरी दिली. उठताना सावकाश उठायचं, गरगरलं तर सांगायचं, बसताना पाय वर घेऊन बसायचं. सूज उतरायला वेळ लागेल, मधेच घाबरून काही बंद करू नका असं त्यांनी मलाच दोनदा बजावलं.

तिथून सोनाराकडे. सोनार कात्री घेऊन बसला आणि ही पाय मागे घ्यायला लागली. माझ्याकडे बघून रडायला लागली. सोनारही थांबला. मी त्याला म्हटलं, "कापा तुमी. मी हितंच हाय, कुठं जात न्हाई." मग तिचा पाय मीच धरला. दोन्ही कापली. बोटं खाली पार सोलली होती, ताई.

आता रोज गोळी दिली की तोंड उघडायला लावतो आणि जीभ वर करून बघतो. ती म्हणते, बैल घेताना दात बघतात तसं करू नका. प्रेशर उतरायला लागलं आहे. पण ती लुगडं पायावर ओढून बसते, शेजारी हळदीकुंकवाला गेली नाही. डॉक्टर म्हणाले, सूज असेतोवर बोटात काही घट्ट नको. तिला रिकामी बोटं सोसवत नाहीत आणि मला काही सुचत नाही. तुम्ही आलात तर बरं होईल. गाडी पाठवतो.

लोभ आहेच, तो कांद्याच्या भावासारखा खाली येऊ देऊ नका.
आपला,
गोकुळ


कारवीवाडी
६ डिसेंबर २०२४

सौ. प्रतिभा व गोकुळराव यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गोकुळराव, तुमचं पत्र मिळालं. अक्षर पावतीसारखंच आहे, पण समजलं. तुम्ही केलं ते योग्य केलं. गोळी चुकवू देऊ नका आणि एवढ्यात बरं झालं म्हणून डॉक्टरला विसरू नका.

गाडी पाठवू नका. मी येणार नाही. कारण लपवत नाही. तिचं तोंड उघडायला लावून तुम्ही जीभ वर करून बघता, ते मी तुमच्या घरात बसून रोज सकाळी बघायचं? तिचा पाय धरून "मी हितंच हाय" म्हणालात, ते नुसतं वाचून मी कागद उलटा ठेवला होता. मला तेवढं मोठं मन नाही. असतं तर बरं झालं असतं.

प्रतिभा, लुगडं पायावर ओढून बसू नकोस. तुझी बोटं रिकामी आहेत ती सुजेमुळे. तुझा माणूस दारात उभा आहे, हे सगळ्या पिंपळवंडीला दिसतं. हळदीकुंकवाला जा.

इकडे भात घरात आलं. म्हशीला रेडकू झालं, पारडी आहे. माझं प्रेशर बरं आहे.

दुरून का होईना, तुमचीच,
अंबाताई


ता. क.
घोडेगाव, बसस्टँड
७ डिसेंबर, शनिवार

हे पत्र काल लिहिलं, टाकलं नाही. आज सकाळी मी धार काढली, रेडकाला पाजलं आणि माझी गोळी घेतली. पेटीतून जोडवी काढून घोडेगावला आले. सोनाराला म्हटलं, मोडा. त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि कुणासाठी असं विचारलं. मी सांगितलं, धाकट्या बहिणीसाठी. माझ्या डोळ्यांदेखत चांदीचं पाणी झालं. त्यात ती कुणाच्या पायातली होती ते राहिलं नाही, मी नीट बघितलं. तोंडं उघडी ठेवायला सांगितली आणि सैल, म्हणजे सूज असली तरी रुतणार नाहीत. तुझ्या डॉक्टरला विचारल्यावरच घाल. त्याने माप मागितलं. तुझी बोटं माझ्यासारखीच, म्हणून मी माझा पाय पुढे केला. त्याने दोरा गुंडाळला तो बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर. दुपारपर्यंत तिथेच बसून घडवून घेतली आणि नारायणगावच्या गाडीत बसले, हे पत्र हातानेच देईन.