सनईवाल्याचा दात

३ मार्च १९५६
तोंड भोपळ्यासारखं सुजलंय. वरचा, समोरचा दात. गेल्या वर्षी घाटीच्या उतारावर पडलो तेव्हा आपटला होता, तोच काळा पडलाय. सनई ओठाला लावली – तशीच खाली ठेवली! देवळात सकाळची सनई भागोजीने वाजवली. धाकटा भाऊ माझा. एरवी माझ्या मागे नुसता एकच सूर धरतो.

कमळा म्हणाली, "काढून टाका की मेला तो दात!" बायकोचं काय जातं. ओठाला मागून दात नसेल तर सनईची पत्ती दाबायची कशी?

४ मार्च
दातांच्या गनी डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, "दात राहील. पण आतली नस मेलीय. ती काढून मूळ साफ करायला हवं." दाताला भोक पाडलं. पू आला. मग पेनिसिलीनची सुई. आणखी दोन दिवस सुईला बोलावलंय, मग मूळ.

७ मार्च
सूज उतरली! दुखत नाही. मूळ साफ कशाला करायचं आता? गेलो नाही.

१५ मार्च
पुन्हा ठणका. पार डोळ्यापर्यंत. डॉक्टरांना म्हटलं, "नुसती सुई द्या." ते रागावले नाहीत. "औषध रक्तातून जातं, भिकाजीराव. मेलेल्या नसेत रक्त कुठलं? मुळातली घाण मलाच काढायला हवी."

बसलो खुर्चीत. तारेसारखी बारीक हत्यारं आत-बाहेर, आत-बाहेर. सुईही घेतली.

२३ मार्च
मूळ भरलं. दात राहिला. शिमगा होईपर्यंत सनई नको, म्हणाले. म्हणजे पालखीपुढे भागोजीच.

२७ मार्च
पालखी निघाली. मी गर्दीत. आमच्या घरची सनई समोर उभं राहून कधी ऐकलीच नव्हती. भागोजीने एक तान घेतली – मला येत नाही ती. कधी बसवली याने?

शेजारी म्हातारी यमुनाबाई. दिसत नाही तिला. म्हणाली, "आज भिकाजी काय वाजवतोय गो बाय!"

मी गर्दीत आणखी मागे सरलो.

३१ मार्च
आज देवळात वाजवली. दात घट्ट. एक सूर घसरला नाही. नगारखान्यातून खाली उतरल्यावर भागोजीला म्हटलं, "उद्यापासून तू पुढे. मी सूर धरतो."

"दादा, दात वाचला ना पण?"

"वाचला. सूर धरायलाही लागतोच."