डीजेला शाळा कशाला

३ डिसेंबर, पिपलानी
स्वतःच्या बळावर शिकलेल्या बंधूंनो, आयुष्यभर आपल्याला एकच प्रश्न विचारला गेला: सर्टिफिकेट कुठाय?
खोलीत बंधू कोणी नव्हते. सुलभा मटार सोलत होती. म्हणाली, हळू बोला. कारखान्याच्या गेटवर माझं भाषण ऐकायला शिफ्ट सुटलेले लोक थांबायचे. निवृत्तीनंतर ते असं कुठेही येतं. येऊन गेल्यावर काही वाटत नाही.
तर, सुलभाची भाची ऋतुजा. तिच्या लग्नातल्या संगीताला, नाचगाण्याच्या कार्यक्रमाला, डीजे मी. तिचा भाऊ विक्रांत बिट्टन मार्केटजवळच्या डीजे क्लासला जातो, काम त्याचंच होतं. पण तो म्हणाला म्हणे, "रहने दो, वरना फूफाजी रूठ जाएँगे." फूफाजी म्हणजे आत्याचा नवरा, म्हणजे मी. मी रुसत नाही. मी भूमिका घेतो.

९ डिसेंबर
गाणी मिसळायचा कंट्रोलर आणि एक स्पीकर आला. तालाच्या इतिहासावरची दोन जाड पुस्तकं वाचून झाली. बटणांची पुस्तिका पातळ आहे, ती नंतर. उद्यापासून पहाटे सराव.

१० डिसेंबर
थंडी.

१४ डिसेंबर
सराव सुरू. सुलभाने बजावलं, क्वार्टरमध्ये ढुमढुम नको. म्हणून मुख्य आवाजाचा नॉब शून्यावर, कानाला हेडफोन. कलावंताला एकांत लागतोच.

२२ डिसेंबर
विक्रांत आला. क्लासात काय शिकवलं, विचारलं. पहिला आठवडा म्हणे नुसत्या वायरी जोडायच्या आणि हॉलच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहून ऐकायचं. फी भरून भिंतीपाशी उभं राहायचं! यावर मी सविस्तर बोललो. त्याने चहा संपवला आणि विचारलं, "फूफाजी, साउंड चेकला मी येऊ का?"
नको म्हटलं. गेट मीटिंगला माइक मी कधी तपासला नाही. तपासणारे वेगळे, बोलणारे वेगळे.

११ जानेवारी
कार्यक्रम अण्णांच्या नाचाने सुरू होणार. अण्णा म्हणजे माझे सासरे दिगंबरराव, वय चौऱ्याऐंशी. नातीबरोबर तीन स्टेप, काठी न घेता. गाणं सासूबाईंच्या आवडीचं. त्या असताना अण्णा कधी नाचले नाहीत. रोज भिंत धरून सराव करतात. सुलभा म्हणाली, बाकी काही बिघडलं तरी चालेल, त्यांच्या गाण्याचं तेवढं बघा.
त्यात बघायचं काय.

१ फेब्रुवारी, दुपारी
आज संगीत. लवकर जाऊन सगळं एकदा बघायचं ठरलं होतं. फेट्यात वेळ गेला.

२ फेब्रुवारी
लिहून ठेवतो.
हॉलच्या माणसाने वायर जोडली आणि तो जेवायला गेला. मी हेडफोन चढवले. लोक जमेपर्यंतचं पहिलं मिक्स उत्तम, दुसरं त्याहून उत्तम. समोरून ऋतुजाची आई, अनुराधावहिनी, हात हलवत होत्या. मीही हलवला. मग डोळे मिटले आणि अण्णांचं गाणं इतकं अलगद आणलं, की सांधा कळू नये.
कोणीतरी हेडफोनचा एक कान उचलला. विक्रांत. "फूफाजी, गाना सिर्फ़ आपको सुनाई दे रहा है."
नॉब शून्यावर होता.
हॉल शांत. स्पीकर बिघडला समजून अर्धे लोक जेवणाकडे वळलेले. स्टेजवर अण्णा, एक हात वर, काठी लांब खुर्चीला टेकवलेली. केव्हापासून उभे होते, माहीत नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि काठी मागितली.
विक्रांतने नॉब फिरवला. सगळे नाचले. ऋतुजा अण्णांना पुन्हा न्यायला आली तर म्हणाले, "जा बेटा, तू नाच. माझे पाय थकले."
मला काही वाटलं नाही.

३ फेब्रुवारी
कारणं: हॉलचा माणूस, फेटा, नॉबचा बारीक आकार. सगळी पटली. तरी बरं काही वाटलं नाही.

७ फेब्रुवारी
लग्न झालं, ऋतुजा सासरी गेली. सुलभा आज माहेरी, टी. टी. नगरला जाऊन आली. आल्यावर एवढंच म्हणाली, अण्णा अजून दुपारी भिंत धरून त्या स्टेप करतात. गाण्याशिवाय.
मी पेन घेऊन बसलो. भाषण आलं नाही. स्वतःला एवढंच लिहिलं:
नारायण, बंधू कोणी नाहीत, तूच आहेस. उद्या दुपारी स्पीकर उचल, टी. टी. नगरला जा, अण्णांचं गाणं लाव, आणि मागच्या भिंतीपाशी उभा राहून ऐक.