तेराव्याला सांगायची खोड

बाबा, शेजारची काकी गेली. उद्या तिचं तेरावं आहे, जेवणं उरकली की बोलायला मला उभं राहायचंय, आणि सकाळपासून मी तुमच्यावर चिडून बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या डोक्याला ताप द्यायचं तुम्ही काही सोडलं नाहीत. लोकांचे बाप जाताना मुलांना जमीन देतात, दुकान देतात, निदान एखादं चांगलं घड्याळ तरी देतात. तुम्ही मला गावातल्या मेलेल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलायचं काम देऊन गेलात, आणि ते करायचं कसं हे सांगायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं की मुद्दाम सांगितलं नाहीत, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक.

आपल्या पेणकरपाड्यात तेव्हा अजून अंगणं होती. तेराव्याचं जेवण व्हायचं, पान-सुपारी फिरायची, आणि कोणीतरी म्हणायचं, "हां, बोल रं आता." मग तुम्ही खांद्यावरचा पंचा सारखा करत उठायचात. आधी दोन-चार बऱ्या गोष्टी. माणूस कसा कष्टाळू होता, मिठागरावर सगळ्यांच्या आधी कसा पोचायचा, कोणाच्या पोरीच्या लग्नात कसा राबला. आणि मग एक खोड. खोडीशिवाय तुमचं बोलणं पुरं व्हायचं नाही आणि लोकही तिचीच वाट बघत बसलेले असायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, मेलेल्या माणसाचं वाईट कशाला सांगता? त्यावर तुम्ही म्हणालात, "नुसता गोड बोलला तर मेलेला वलखू येत न्हाय रं. देवाचा फोटो होतो त्याचा." हे वाक्य मी उराशी धरून बसलो आणि पुढे त्यानेच माझी वाट लावली.

काकीच्या नवऱ्याचं तेरावं मला अजून दिसतं. आपल्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. काकी ओटीवर बसलीय, डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. बायका तिच्याभोवती आहेत पण कोणी तिच्याशी बोलत नाही. तुम्ही उभे आहात आणि सांगताय की एवढा दांडगा गडी, मिठाची टोपली एका हाताने डोक्यावर घेणारा, पण बेडकाला घाबरायचा! पावसाळ्यात अंगणात पाय टाकायचा तर बायकोला बॅटरी देऊन पुढे पाठवायचा, आणि "हाय का? हाय का?" असं विचारत तिच्या मागून चवड्यांवर चालायचा. तुम्ही ते चालून दाखवलंत. पुरुष मांड्यांवर थापा मारून हसले. काकीने आधी पदराचा बोळा तोंडात कोंबला, मग तिला आवरेनाच, हसता हसता डोळ्यांतून पाणी. आमची आई तिच्या शेजारी खाली मान घालून हसू दाबत होती. दुसऱ्या एकाबद्दल तुम्ही सांगितलंत की तो गरम भाकरीचा वरचा पापुद्रा काढून खायचा आणि भाकरी उलटी करून ठेवायचा. आणखी एक भजनात बेसूर गायचा आणि शेजारच्याकडे रागाने बघायचा. मला वाटायचं, बाबांचं लक्ष काय बारीक असतं!

मग तुम्ही गेलात. तुमच्या तेराव्याला जेवणं झाली, पान-सुपारी फिरली आणि सगळे गप्प बसले. कोणीच "बोल रं" म्हणालं नाही, कारण म्हणायचं कोणाला? थोड्या वेळाने लोक चपला शोधायला लागले. गावभर ज्याने प्रत्येकाचं सांगितलं, त्याचं सांगायला एक माणूस उठला नाही, याचा मला इतका राग आला की मी त्या दिवशी कोणाला दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही. आणि पुढच्याच मयताला हेच लोक माझ्याकडे बघायला लागले. "बोल रं, बापसाचा पोर ना तू?"

बोललो की. माझ्या पहिल्या तेराव्याला मी उभा राहिलो आणि सांगितलं की पाड्यातल्या त्या काकांनी सख्ख्या भावाच्या शेताचा बांध दर पावसाळ्यात थोडा थोडा सरकवला. खरं होतं, सगळ्या पाड्याला माहीत होतं. पण मांडवात असा सन्नाटा पसरला की वाढप्याच्या हातातली बादली खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला. त्यांचा मोठा मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. मला वाटलं, आपलं सांगणं चुकलं असेल, तुमच्यासारखी हातवारे करायची कला नाही आपल्याकडे. पुढच्या वेळी हातवारे केले. ते तेरावं एका म्हातारीचं, ती शेवटी शेवटी मुलाकडे जेसल पार्कच्या सोसायटीत राहत होती, पाहुणे सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले, मागे तिच्या फोटोचा हा मोठा फ्लेक्स. मी सांगितलं की आजीला धाकटी सून डोळ्यांसमोर नको असायची, आणि आजी दार कसं आपटायची ते करूनही दाखवलं. धाकटी सून उठून लिफ्टकडे चालती झाली. सोसायटीच्या सेक्रेटरीने माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि हळूच म्हणाला, "भाईसाब, थोडा पॉझिटिव्ह बोलो ना."

एवढं होऊनही मला बोलवायचं थांबवत नाहीत, ही तर खरी कटकट. तुमच्या वयाचे जे उरलेत ते आता घाबरून आधीच वशिला लावतात. भाजी घेताना कोणीतरी म्हातारा माझी पिशवी धरतो आणि विचारतो, "माजी कंची खोड सांगशील?" एक आजोबा तर घरी येऊन बसले, चहा प्यायले, दुसरा कप घेतला आणि म्हणाले, जुगाराचं काढू नको, वाटल्यास घोरण्याचं सांग. मी ऑफिसातून दमून आलेला माणूस. मला रविवारी सुद्धा झोप मिळत नाही, कारण कोणीतरी दारात उभं असतं, आपल्या मरणानंतरच्या भाषणाची तालीम बघायला. बायको म्हणते, दारावर पाटी लावा.

गेल्या महिन्यात काकीने निरोप पाठवला. आपली घरं पाडून बिल्डिंग झाली तेव्हा तिला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला, आणि गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. मी मनात म्हटलं, आली ही पण वशिला लावायला. खाटेवर उशांना टेकून बसली होती, अंगाचं पार चिपाड झालेलं, पण आवाज तोच. मी आत पाऊल टाकलं न टाकलं तोच सुरू झाली.

"कनाला रं लोकांच्या खऱ्या खोडी सांगत फिरतोस?"

मी म्हटलं, "मग काय खोट्या सांगू? बाबा काय करायचे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुला म्हाईत न्हाय? तुजा बापूस एकाची पन खोड सांगायचा न्हाय. सगल्या त्याच्या सोताच्या."

"बेडूक?" मी विचारलं.

"माजा घरवाला बेडूक हातानी धरायचा. बेडकाला तुजा बापूस भियाचा. तुजी आय बॅटरी घेऊन म्होरं, ह्यो मागं."

भाकरीचा पापुद्रा? तोही तुमचा. बेसूर भजन? तुमचं. आणि बाबा, तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. परातीतली सगळ्यात वरची भाकरी कायम उलटी असायची. मी विचारलं की आई म्हणायची, मांजराने खाल्ला वरचा भाग, आणि तुमच्याकडे न बघता तव्याकडे बघत बसायची. पावसाळ्यात पाठीमागच्या दाराने निघायचं तर आईच्या हातात बॅटरी आणि तुम्ही तिच्या मागे, "तुला उजेड दाखवायचं जमतं" म्हणत. मी घरातच होतो, डोळे उघडे होते, आणि हे मला चौथ्या मजल्यावर जाऊन ऐकावं लागलं. आई त्या तेराव्याला कशासाठी हसत होती तेही तेव्हा कळलं.

मी चिडलोच. म्हटलं, "म्हणजे खोटंच बोलायचे की! मेलेल्याचे खरे दोष झाकायचे."

काकी ताडकन उठून बसायला गेली, ते जमलं नाही तेव्हा तिने उशीवर हात आपटला. "झाकला काय त्यात? माजा घरवाला मला मारायचा. भिंतीपलीकडं तुमाला ऐकू येयाचा न्हाय? सगल्या गावाला म्हाईत. तेराव्याला समदे बसलेले, माज्याकडं कोन बघत न्हाय, मी कोनाकडं बघत न्हाय. आता काय सांगतोय ह्यो, म्हनून मी थरथर कापतेय. आनि ह्यानी बेडूक काडला." "मी लगीन झाल्यापासून लोकांत बसून तवा पयल्यांदा हसले रं. मग मला भूक लागली."

मी विचारलं, "आणि बाबांच्या तेराव्याला मग कोणी काहीच का नाही बोललं?"

"सांगायला उरला काय व्हता? त्यानी सोताच सांगून टाकला ना, थोडा थोडा करून, एकेकाच्या नावावर. आमी बसलो आनि मनातल्या मनात आठवला. तू तोंड फुगवून बसलेलास."

बाबा, तुम्हाला काय म्हणू? वर्षानुवर्षं मी त्या गप्प बसण्याचा राग धरला, त्या म्हाताऱ्यांना कृतघ्न म्हटलं, आणि ती बिचारी माणसं पानं चघळत तुमची बॅटरी आणि तुमचा पापुद्रा आठवत होती. एक वाक्य बोलला असतात तर? "पोरा, आपली सांगायची," एवढंच. त्या बांधवाल्या काकांचा मुलगा आज मला रस्त्यात ओळख दाखवत असता. पण नाही, तुम्हाला देवाच्या फोटोसारखी वाक्यं फेकायची होती. मला तुमचा अतोनात राग येतो. आणि इतका अभिमान वाटतो की त्याचाही राग येतो.

उठताना मी काकीला विचारलं, तुझ्या तेराव्याला मग काय सांगू? ती म्हणाली, "तुजा तू बघ. पन खायाची वस्तू घाल त्यात, लोकांना हसू येतं." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. उद्या खाली पार्किंगमध्ये मांडव आहे. जेसल पार्कची धाकटी सूनही येणार आहे म्हणे, माझ्यावर लक्ष ठेवायला असेल. उरलेले म्हातारे पुढच्या रांगेत बसतील आणि बघतील की बापसाचा पोर अजून गाढवच आहे की काही शिकला.

दुपारपासून मी माझ्या खोडी आठवत बसलोय. बायकोला विचारलं तर तिने इतक्या सांगितल्या की मीच तिला थांबवलं. त्यातली एक निवडलीय. उद्या मी सांगणार आहे की काकी सगळ्या गावाला धरून होती, नातवंडांचं तिने केलं, सुनांना ती कधी कमी-जास्त बोलली नाही, पण तिला एक खोड होती. ती रोज चहा घेताना एका मेलेल्या माणसाशी भांडायची. पार हात नाचवून, चहा गार होईपर्यंत. त्याने उत्तर दिलं नाही की आणखी चिडायची, आणि बशीतलं बिस्कीट मात्र त्याच्यासाठी ठेवायची. पाहुण्यांना वाटेल, नवऱ्याशी भांडत असेल, आणि भांडली असती तरी तिचा हक्कच होता. पुढच्या रांगेतले म्हातारे काय ते समजतील.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही. चहा केव्हाच गार झालाय. बिस्कीट बशीत आहे.