दहा मिनिटं मागे

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तपासणी सुरू. एका बाजूला कंपनीची नियमावली, दुसऱ्या बाजूला सर्व्हर. पासवर्डची लांबी – बरोबर. जुनी खाती – बंद. बरोबर, बरोबर, बरोबर. दिवसभर नंदीबैलासारखी मान हलवली.

घरी आल्यावर आईला भरवलं, कुशीवर वळवलं. काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.

मंगळवार, ४ मार्च

तेच.

बुधवार, ५ मार्च

एक सापडला! सगळ्या सर्व्हरची घड्याळं मुख्य घड्याळाशी जुळायला हवीत. दारावरच्या हजेरीचा सर्व्हर दहा मिनिटं मागे. आपोआप नव्हे – जुळवणीच कुणीतरी बंद करून ठेवलेली.

तो सर्व्हर आजोबांकडे. निवृत्तीला टेकलेत म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. खाली जाऊन विचारलं, तर चष्मा पुसत बसले. उलट आईचीच चौकशी – सांभाळणारी बाई अजून नऊलाच येते का? वैताग आला. हो, नऊलाच, म्हटलं, पण या घड्याळाचं काय करू?

"दिसतंय ते लिही, पोरी. तुझं कामच आहे ते."

लिहिलं.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांनी आजोबांना बोलावलं. असं का केलं, याला उत्तर काय, तर 'राहून गेलं असेल'. कोण विश्वास ठेवणार! हजेरीत फेरफार म्हणून चौकशी लागली. तोवर घरी बसा. परत घेतील असं कुणालाच वाटत नाही.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबले, आईला जप म्हणाले. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. वाईट वाटायला हवं होतं.

शनिवार, ८ मार्च

घड्याळ जुळवलं. पुन्हा तपासलं. सगळे सर्व्हर नियमात. साहेब खूश.

सोमवार, १० मार्च

बाई आली, मी निघाले. रोजचीच बस. दारावर कार्ड लावलं – लाल दिवा. उशीर. पुन्हा लावलं, पुन्हा लाल.

गेल्या वर्षी उशिरासाठी दोन ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरीला नोकरी जाणार होती. ती कधी आलीच नाही. वाटायचं, मीच सुधारले!

जुळवणी कधी बंद केली, ते तपासणीत विचारत नाहीत, म्हणून मी बघितलंच नव्हतं. आज बघितलं. दुसऱ्या ताकिदीच्या दुसऱ्याच दिवशी.

साहेबांच्या केबिनबाहेर बसलेय. खरं सांगितलं की माझीही नोकरी जाईल. जाऊ दे.